बुढऊवर चाललं तर चाललं

"वाच. पूर्ण वाच. मग घाबर."

रायपुरातल्या त्या वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की आजही संगणकाच्या पडद्यावर इंग्रजीतली चौकट उघडली की आधी कुमुददीदींचा आवाज येतो आणि मग अक्षरं दिसतात. नवशिक्याचा हात कसा असतो? चौकट आली रे आली की तो 'ओके'वर जातो, डास मारायला गेल्यासारखा. माझाही जायचा. दीदी मागून मनगट धरायच्या.

"कोणाले ओके म्हणून राहिली तू? तो बिचारा काय सांगून राहिला, ते तर ऐक!"

'तो' म्हणजे एरर. दारात आलेल्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं त्या एररबद्दल बोलायच्या. हाकलायचं नाही, बसवून घ्यायचं, विचारपूस करायची.

माझी ओळख थोडक्यात सांगते, कारण तिच्याशिवाय दीदी कळायच्या नाहीत. मी गडहिंग्लजकडची. शाळा नववीत, सहामाहीनंतर सुटली. लग्न होऊन थेट रायपूरजवळच्या बीरगांवात आले, कारखान्यांच्या शेजारी, जिथं वाळत घातलेली पांढरी साडी संध्याकाळपर्यंत करडी व्हायची. आमचे हे भनपुरीला एका ट्रान्सपोर्टच्या आवारात मिस्त्री होते. त्याच रस्त्यावर एक धर्मकाटा होता. ट्रक लोखंडी पाटावर चढतो, त्याचं वजन होतं, ड्रायव्हरला परची मिळते. तिथल्या सेठजींना परची लिहायला सुवाच्य अक्षराचं आणि तंबाखू न खाणारं माणूस हवं होतं, ते मी निघाले. त्या पगारावर आमची खोली चालायची. सासूबाईंचं म्हणणं होतं, सुनेनं गावी राहावं, मुलानं एकट्यानं कमवावं. नोकरी गेली तर मला गाडीत बसवून देणार, हे ठरलेलंच होतं. त्यामुळं मी परची लिहायची ती श्वास धरून.

आता गंमत बघा. काट्यावर संगणक आधीपासून होता. पण त्याच्यावर कापड टाकलेलं आणि कापडावर सेठजींची टोपी. का? तर नवं राज्य झालं म्हणून!

ते असं. संगणकातला परचीचा प्रोग्राम राज्य होण्याआधी कोणीतरी लिहिला होता. लिहिणाऱ्यानं ऑपरेटरचे कष्ट वाचावेत म्हणून गाडी नंबरच्या रकान्यात 'एमपी' ही अक्षरं कायमची बसवून टाकलेली. बदलताच येत नव्हती. दुसऱ्या राज्याची गाडी आली तर 'बाहेरची गाडी' असं वेगळं बटण, मग वेगळा फॉर्म, त्यात परमिट नंबर वगैरे सतरा रकाने. मग छत्तीसगढ वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि नव्या गाड्या 'सीजी'च्या पाट्या लावून यायला लागल्या. भनपुरीचा ट्रक, भनपुरीचा मालक, भनपुरीचाच काटा, आणि प्रोग्राम म्हणतो, बाहेरची गाडी! ड्रायव्हर लोक भांडायला उठले. सेठजींनी वैतागून कापड टाकलं आणि मला ठेवलं.

एके दिवशी दुपारी सायकलरिक्षातून एक बाई उतरल्या. पंचेचाळिशीच्या, सडसडीत, सुती साडीचा पदर खोचलेला, हातात फ्लॉपींचा डबा. आत आल्या, टोपी उचलली, कापड काढलं आणि सेठजींना हसत हसत म्हणाल्या, "सेठजी, गलती मेरी है. मैंने पूरा राज्य ही कोड में लिख दिया था."

मग माझ्या परच्यांकडं बघितलं. आडनाव विचारलं आणि लगेच मराठीत, "काय वं, तू मराठी? मग इथं काहून बसून राहिली लिहीत?"

मी म्हटलं, "नोकरी आहे."

"प्रोग्राम दुरुस्त झाला की मग?"

माझा चेहरा पडला असणार. कारण तोच तर घोर होता. संगणक चालू झाला की परची लिहिणारीचं काय काम? दीदींनी दोन क्षण माझ्याकडं पाहिलं आणि सेठजींना सांगून टाकलं, "मैं नहीं बनाऊँगी. ये बनाएगी. मैं सिखाती हूँ."

सेठजी माझ्याकडं अशा नजरेनं बघत राहिले, जणू काट्यावर बैलगाडी चढलीय. पण नवा प्रोग्राम फुकटात होतोय म्हटल्यावर, "देख लीजिए, दिवाली तक," एवढं बोलून त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

दीदींचा क्लास पुरानी बस्तीच्या तोंडाशी, एका पंक्चरच्या दुकानावर होता. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात. घरात मराठी, गल्लीत हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी, आणि तिन्ही एकाच वाक्यात. कोणी काही विचारलं की आधी "हव", म्हणजे हो, मग उत्तर. एका सिमेंट कारखान्याच्या ऑफिसातली नोकरी सोडून त्यांनी सहा संगणक मांडले होते आणि व्हीबी शिकवायच्या. म्हणजे खिडक्या आणि बटणं असलेले प्रोग्राम, ऑफिसातल्या टेबलावरच्या संगणकावर चालणारे. राजधानी झाल्यापासून प्रत्येक ऑफिसाला तसं काहीतरी हवं होतं. सगळीकडं नवे बोर्ड, नव्या खुर्च्या. त्या दिवसांत रायपुरात सगळ्यांनाच आपण काहीतरी होणार असं वाटत होतं. मलाही वाटायला लागलं.

पण प्रवेशाच्या फॉर्मवर 'शिक्षण' असा रकाना होता आणि कंसात 'किमान दहावी'. मी लिहिलं, दहावी. गुणपत्रिका गावाहून मागवलीय, म्हणाले. ती पुढं कित्येक महिने पोस्टातच होती.

पहिलं बटण मी कधी विसरणार नाही. फॉर्मवर ओढून आणलं, दोनदा टिचकी मारली, आत एक ओळ लिहिली, प्रोग्राम चालवला आणि बटण दाबलं. पडद्यावर 'नमस्ते' आलं. मी सांगितलं म्हणून! घरात, शाळेत, सासरी, माझ्या सांगण्यावरून आजवर कोणी काही केलं नव्हतं. मी ते बटण पंचवीस वेळा दाबलं. दीदी म्हणाल्या, "दाब, दाब. झिजत नाही ते."

मग सुरू झाले घोटाळे. दीदींनी प्रत्येकाला एक वही दिलेली. एरर आला की 'ओके' दाबण्याआधी तो अक्षर न् अक्षर वहीत उतरवायचा, खाली त्याचा आपल्या भाषेत अर्थ लिहायचा, मग शेवटी काय केल्यावर गेला ते. मला इंग्रजी वाचताना घाम फुटायचा. सुरुवातीला मी अक्षरं रांगोळीसारखी काढायची, अर्थ दीदी सांगायच्या. दोन महिन्यांनी मला एकदम लक्षात आलं, की मी त्यांना विचारायची थांबलेय! 'फाइल नॉट फाउंड' आलं की मनात आपोआप 'सांगितलेल्या जागी नाहीय' असं उमटायचं. शाळेनं न दिलेलं इंग्रजी मला चुकांनी दिलं.

शिकवायची त्यांची तऱ्हाच निराळी. एकदा माझा प्रोग्राम गोठला. बटण दाबलं, आत मोठी मोजणी चालू, आणि खिडकी पांढरी पडली, ना हलेना ना बंद होईना. मी रडकुंडीला आले, मशीन बिघडवली वाटलं. दीदींनी खालून पावशेर पोहे मागवले. परातीत ओतले आणि माझ्यासमोर ठेवले.

"तू प्रोग्राम. मोज. एकेक पोहा. संपेपर्यंत मान वर करायची नाही."

मी मोजायला लागले. त्यांनी बाकीच्यांना सोडलं माझ्यावर. पप्पू साहू नावाचा आमचा एक वर्गबंधू होता, मलाही दीदीच म्हणायचा, तो माझ्या कानाशी येऊन, "दीदी, पानी पियोगी? दीदी, घर में आग लगी है!" सगळे ओरडतायत आणि मी आपली खाली मान घालून, एकशे बारा, एकशे तेरा.

"पाहा," दीदी म्हणाल्या, "मेली काय ही? नाही ना? कामात आहे. पण बाहेरच्याले वाटते, मेली! आता एक कर पोट्टी. दर दहा पोह्यांनंतर मान वर कर, कोणी काही म्हणते का पाहा, मग पुन्हा मोज."

मी दहा मोजून मान वर केली. पप्पू म्हणाला, "पानी?" मी म्हटलं, "हव." सगळा वर्ग हसला. तीच गोष्ट कोडमध्ये एका ओळीची होती, मोजता मोजता मधेच मान वर करायला लावणारी. ती ओळ मी त्याच दिवशी लिहिली आणि गोठलेली खिडकी हलायला लागली. पोह्यांचा नंतर चिवडा केला, आणि 'प्रोग्राम खाल्ला' असं आम्ही महिनाभर म्हणत होतो.

वर्गाच्या कोपऱ्यात एक जुनाट संगणक होता. त्याचं नाव बुढऊ, म्हणजे म्हातारा. त्याच्यावर दीदींनी मुद्दाम काहीही घातलेलं नव्हतं. तुमचा प्रोग्राम तुमच्या मशीनवर कितीही नाचू दे, फ्लॉपीत घालून बुढऊपाशी न्यायचा. तिथं हमखास फजिती. प्रोग्रामला लागणाऱ्या ज्या जोडफायलींच्या जिवावर आपण उड्या मारतो, त्या बुढऊकडं नसायच्याच. आमच्यातला प्रत्येक जण एकदा तरी म्हणालाय, "दीदी, मेरे मशीन पर तो चलता है."

"हव? मग मशीन उचल न् गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन दे. येताना रिक्षाचे पैसे मी देते."

बुढऊवर चाललं तर चाललं, नाहीतर नाही. आणि त्याच्याही पुढची परीक्षा म्हणजे उस्ताद. हे खालचे पंक्चरवाले. काळ्या ग्रीसच्या हातांनी वर यायचे, खुर्चीत बसायचे, आणि दीदी म्हणायच्या, "उस्ताद, तोड़ के दिखाओ."

उस्तादांना संगणकाचं काही कळत नव्हतं, हीच त्यांची पात्रता. जिथं तारीख टाकायची तिथं ते नाव टाकायचे. सगळे रकाने कोरे ठेवून छापायचं बटण दाबायचे. कोपर टेकवून चहा प्यायचे, पडद्यावर कोपरानं टाइप झालेली अक्षरं. माझ्या वजनाच्या रकान्यात त्यांनी आकड्याऐवजी 'नौ टन होगा' असं टाइप करायला लावलं आणि माझा प्रोग्राम 'टाइप मिसमॅच' म्हणत कोसळला. मी दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी रकाना कोराच सोडला. पुन्हा कोसळला. तिसऱ्या दिवशी आणखी काही. उस्ताद जाताना म्हणायचे, "बिटिया, बुरा मत मानना, कल फिर तोड़ेंगे."

दिवाळी तोंडावर आलेली. सेठजी रोज विचारायचे. माझी झोप उडाली होती. आणि मग पप्पूच्या फ्लॉपीत मला ती ओळ सापडली. तीन-चार इंग्रजी शब्द. अर्थ असा, की चूक झाली तर बोलू नको, पुढं चालू लाग. ती मी प्रत्येक कामाच्या सुरुवातीला टाकली आणि काय सांगू! सगळ्या चौकटी गायब. दीदी त्या दिवशी कुठल्याशा ऑफिसात गेल्या होत्या. उस्तादांनी काय वाटेल ते टाइप केलं, बटणं बडवली, प्रोग्राम हूं की चूं नाही. "पक्का हो गया," उस्ताद म्हणाले. दीदींना त्यांनी तेच सांगितलं. दीदींनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली, की मला त्या रात्रीपर्यंत ती जाणवत होती. ओळीबद्दल मी बोलले नाही. दहावीबद्दल तरी कुठं बोलले होते?

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी सकाळी काट्यावर नवा प्रोग्राम बसला. सेठजींनी संगणकाला हळदकुंकू लावलं, पेढे आणले. काट्याचं यंत्र तारेनं संगणकाला जोडलेलं. ट्रक पाटावर आला की वजन आपोआप आत यायचं. पहिला ट्रक, बरोबर. दुसरा, लोखंडानं गच्च भरलेला, अठ्ठावीस टन काही किलो, बरोबर. परची सर्रकन बाहेर. सेठजी पेढा दीदींच्या हातात देत होते. खुर्च्या सरकवताना कोणाच्या तरी पायाला तार लागली, तेवढ्यात तिसरा ट्रक चढला. रिकामा. फळ्या खडखडत होत्या त्याच्या. मी बटण दाबलं. परची आली.

अठ्ठावीस टन. किलोसुद्धा तेच.

कोणीही पाहिलं नव्हतं. ड्रायव्हरनं परची घडी करून खिशात घातली आणि चढून बसला. सेठजी हसतायत. दीदी माझ्याकडं बघून डोळ्यांनीच 'शाबास' म्हणतायत. मी गप्प बसले असते तर त्या दिवशी मी काट्याची प्रोग्रामवाली झाले असते. आणि त्या परचीच्या जिवावर ट्रकात नसलेला माल कोणाच्या तरी माथी लागला असता.

मी धावले. चप्पलसुद्धा नाही. ट्रकच्या समोर दोन्ही हात पसरून उभी राहिले. ड्रायव्हरनं ब्रेक मारून आई-बहिणीचा उद्धार केला. मी म्हटलं, "परची दे दो भैया, गलत है."

आत आले तेव्हा पेढ्यांचा खोका टेबलावर उघडाच होता. दीदी खुर्चीत बसल्या होत्या, कोड उघडून. ती ओळ त्यांनी एका नजरेत पकडली.

"कोणी टाकली?"

"मी."

"काहून?"

"चुका दिसू नयेत म्हणून." आणि एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. "दीदी, दहावीपण खोटी आहे. मी नववी. तीही अर्धी. गुणपत्रिका पोस्टात नाही, कुठंच नाही."

दीदी रागावल्या. खरंच रागावल्या, आवाज न चढवता. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं. "त्या मशीनला वजन मिळालंच नाही. ते ओरडून सांगून राहिलं होतं तुले. तू त्याच्या तोंडात बोळा कोंबला. मग त्यानं मागचंच वजन पुढं दिलं. दुसरं काय करेल? आणि मी, उस्तादच्या भरवशावर, न पाहता आणलं इथं. ती चूक माझी." उठून खुर्ची माझ्याकडं सरकवली. "दहावीची चूक येगळी. तिच्यानं कोणाचा ट्रक चुकीचा तुलला नाही. आधी कोणती दुरुस्त करायची, बोल."

मी ओळ पुसली. पुन्हा चालवलं. चौकट आली. माझा हात 'ओके'वर गेला नाही. मी मोठ्यानं वाचलं, पूर्ण, सेठजींसमोर, आणि अर्थ सांगितला: आकडा मागितला, हाती काहीच आलं नाही. "तार," मी म्हटलं, आणि टेबलाखाली शिरले. ती सुटलेलीच होती. घट्ट बसवली, आणि वजन मिळालं नाही तर परची छापायचीच नाही, हिंदीत 'वजन नहीं मिला, तार देखिए' असं सांगायचं, एवढं तिथंच लिहिलं. ट्रक परत पाटावर आला. नऊ टन. ड्रायव्हर म्हणाला, "अब ठीक है, बहनजी." मघाशी मी त्याची कोणी नव्हते!

सेठजी बराच वेळ परची उलटीसुलटी करून बघत होते. शेवटी म्हणाले, "मैडम, ट्रक तो रोका इसने. पर आठ दिन हाथ से भी लिखेगी, मशीन से भी निकालेगी. दोनों मिले तब मानूँगा."

आठ दिवस मी दोन्ही केलं. दिवाळीतही. एकही परची चुकली नाही. नवव्या दिवशी सेठजींनी हातानं लिहायचं पुस्तक कपाटात ठेवलं आणि मला कपाटाची नव्हे, केबिनची किल्ली दिली. सासूबाईंना ह्यांनी पत्र घातलं, ती इथंच राहील.

त्या आठ दिवसांत दीदींनी क्लासमध्ये माझा फॉर्म काढला, 'दहावी'वर काट मारली, वर 'नववी, अर्धी' लिहिलं, बाजूला सही केली. "आता खरं झालं. दहावीची परीक्षा बाहेरून देता येते, तो फॉर्म तू भर, नाही भर, तुझं तू पाहा." मी भरला. दुसऱ्या खेपेला पास झाले. पेढे घेऊन गेले तर त्या कोणाच्या तरी गोठलेल्या खिडकीसमोर उभ्या होत्या, म्हणाल्या, "ठेव तिथं. हे पोट्टं मरून राहिलं, त्याले आधी पाहू दे."

पाच वर्षांनी ह्यांना नागपूरला काम मिळालं. मलाही तिथं एका गोदामात प्रोग्राम लिहायचं काम होतं. काट्यावरचा माझा शेवटचा दिवस होता. दुपारी ट्रकांची ही मोठी रांग. आणि त्या रांगेच्या बाजूनं, उन्हात डोक्यावर पदर घेऊन, धुळीतून चालत दीदी आल्या. आत आल्याच नाहीत. एक ट्रक उतरला आणि दुसरा चढायच्या आत त्या स्वतःच पाटावर जाऊन मधोमध उभ्या राहिल्या. एवढ्या मोठ्या लोखंडावर एवढीशी बाई.

मागचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. दीदींनी त्याला हात दाखवला, थांब. मग माझ्या खिडकीकडं बघून ओरडल्या, "आलं का?"

पडद्यावर आकडा थरथरत होता. काटा दहा-दहा किलोंनीच मोजायचा: पन्नास, साठ, पन्नास. मग ठरला. मी खिडकीतून ओरडले, "साठ!"

"माझं मन राखायले पाच किलो कमी दाखवत नाही वाटते तुझा प्रोग्राम?"

"नाही दीदी!"

त्या इतक्या जोरात हसल्या, की हॉर्नवाला ड्रायव्हरही हसला. परची मागितली नाही, निरोप घेतला नाही. पदर सावरला आणि पाटावरून उतरून ट्रकांच्या मधून रस्त्याकडं चालू लागल्या. मी पडद्याकडं पाहिलं. आकडा उतरत उतरत शून्यावर आला. मी खिडकीतून पुढच्या गाडीला हात केला.